एफ/१.४ वर पापणी शार्प: जुन्या फास्ट लेन्स आणि डिजिटल कॅमेरा

हातानेच फोकस करायची जुनी फास्ट (म्हणजे खूप उजेड आत घेणारी) ५० मिमी एफ/१.४ लेन्स मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यावर पहिल्यांदा चढवली, तेव्हा एका बैठकीत छत्तीस फोटो काढले होते. घरी येऊन मोठ्या स्क्रीनवर पाहिले तर नाकाचे शेंडे शार्प, कान शार्प, शर्टाचं बटण तर इतकं शार्प की दोरा मोजता यावा. डोळे मात्र एकाच फोटोत जमले होते. मी लेन्सला दोष दिला. लेन्स ठीक होती. चुका तीन ठिकाणी होत्या: लेन्स आणि कॅमेरा जोडणारा ॲडॅप्टर जाडीला चुकलेला, पीकिंगवर (कडा रंगवून फोकस दाखवणाऱ्या सोयीवर) आंधळा विश्वास आणि माझं डुलणारं अंग. त्यातली तिसरी सर्वांत मोठी निघाली.

आधी आकडे पाहू, म्हणजे लढाई किती बारीक जागेत आहे ते कळेल. फुल फ्रेम, म्हणजे ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरवर, ५० मिमी, एफ/१.४, समोरचा माणूस १ मीटरवर. ठिपका ०.०३ मिमीपर्यंत पसरला तरी शार्पच मानायचा, हा नेहमीचा निकष धरला तर डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे शार्प दिसणाऱ्या पट्ट्याची जाडी, साधारण ३२ मिमी येते. म्हणजे डोळ्याच्या पुढे जेमतेम दीड सेंटीमीटर आणि मागे दीड सेंटीमीटर. तो निकष मध्यम आकाराच्या प्रिंटसाठी ठरवलेला आहे. फोटो पूर्ण मोठा करून पाहणाऱ्याने ही जागा निम्मीच धरावी. ८५ मिमी एफ/१.४ दीड मीटरवर वापरली तर २५ मिमीच हातात राहतात. ऑटोफोकस कॅमेरा हे काम सेकंदात अनेकदा तपासून करतो, आपल्याला ते एका बोटाने आणि एका डोळ्याने करायचं आहे.

कोणती लेन्स कुठे बसते

लेन्सच्या माउंटपासून, म्हणजे ती कॅमेऱ्याला जिथे जोडली जाते त्या कडीपासून, फिल्म किंवा सेन्सरपर्यंतचं अंतर प्रत्येक माउंटला ठरलेलं असतं. त्याला फ्लँज अंतर म्हणतात. निकॉन एफ ४६.५ मिमी, ऑलिम्पस ओएम ४६, एम४२ आणि पेंटॅक्स के ४५.४६, मिनोल्टा एसआर (एमसी आणि एमडी लेन्स याच माउंटच्या) ४३.५, कॅनन एफडी ४२, लायका एम २७.८. मिररलेसमध्ये आरसाच नसल्यामुळे हे अंतर फार कमी आहे: कॅनन आरएफ २०, मायक्रो फोर थर्ड्स १९.२५, सोनी ई १८, फुजी एक्स १७.७, निकॉन झेड १६. दोन्हींतला फरक म्हणजे ॲडॅप्टरची जाडी. एम४२ लेन्स सोनी ई वर लावायची तर २७.४६ मिमीची नळी लागते. आत काच नाही, वायर नाही, नुसती नळी.

म्हणूनच २००८ मध्ये पॅनासोनिकचा जी१ आला आणि कपाटातल्या लेन्स पुन्हा बाहेर निघाल्या. २०१३ मध्ये सोनीने ए७ हा फुल फ्रेम मिररलेस आणल्यावर त्या आपल्या मूळ कोनात दिसू लागल्या. लहान सेन्सरवर ५० मिमी लेन्स एपीएस-सीला ७५ मिमीसारखी आणि मायक्रो फोर थर्ड्सला १०० मिमीसारखी वाटते. फोकल रिड्यूसर, म्हणजे दृश्य आकसून सेन्सरवर पाडणारी काच असलेला ॲडॅप्टर, लावून यातलं बरंचसं परत मिळवता येतं. ०.७१ पटीचा रिड्यूसर ५० मिमी एफ/१.४ चं रूपांतर ३५.५ मिमी एफ/१ मध्ये करतो. कडा थोड्या बिघडतात, त्याची तयारी ठेवावी.

डीएसएलआरवाल्यांसाठी, म्हणजे आरसा असलेल्या कॅमेऱ्यांसाठी, वाट अरुंद आहे. कॅनन ईएफचं अंतर ४४ मिमी असल्याने निकॉन एफ, ओएम, एम४२ आणि पेंटॅक्स के बसतात. त्यातही काही लेन्सचा मागचा भाग फुल फ्रेम कॅमेऱ्याच्या आरशाला अडतो, तेव्हा पहिला क्लिक करण्याआधी चौकशी करावी. मिनोल्टा आणि एफडी बसत नाहीत. निकॉन डीएसएलआरवर एम४२ लावायची तर मिलिमीटरभर जागा कमी पडते. इतक्याशा फरकाने ५० मिमी लेन्सचा फोकस अडीच मीटरच्या पलीकडे जात नाही. काच असलेला ॲडॅप्टर हा यावरचा उपाय, पण फास्ट लेन्सच्या मागे स्वस्त काच लावणं म्हणजे चांगल्या चष्म्यावर ओरखडे पाडून घेणं.

लेन्स हातात आल्यावर

टॉर्च घ्या, ॲपर्चर (उजेड कमी-जास्त करणारं आतलं छिद्र) पूर्ण उघडा आणि लेन्समधून आरपार पाहा. धुळीचे चार कण दिसतील, ते विसरा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी. अख्ख्या काचेवर पसरलेला धुरकट थर म्हणजे हेझ. तो फास्ट लेन्सचा जीवच घेतो, कारण एफ/१.४ ला कॉन्ट्रास्ट आधीच कमी असतो. ॲपर्चरच्या पात्यांवर तेल चमकत असेल तर पाती सुस्तावतात. आपल्याला ॲपर्चर हातानेच लावायचं असल्याने हा दोष एक वेळ चालतो.

आमच्या कामासाठी सगळ्यांत महत्त्वाची तपासणी मात्र फोकसच्या रिंगची. ती एका बोटाने फिरायला हवी, पण बोट काढल्यावर जिथल्या तिथे थांबायला हवी. ग्रीस सुकून रिंग घट्ट झाली असेल तर प्रत्येक हालचाल झटक्याने होते आणि नेमकी जागा हुकते. दिशा बदलताना रिंग किंचित फिरून मग लेन्स हलू लागत असेल, म्हणजे खेळ असेल, तरी तीच अडचण. काच निर्दोष पण रिंग खराब अशा लेन्सपेक्षा मी दोन ओरखड्यांची पण लोण्यासारख्या रिंगची लेन्स घेईन.

सुपर ताकुमार ५० मिमी एफ/१.४ सारख्या काही लेन्समध्ये थोरियम असलेली काच वापरलेली आहे. ती काळानुसार पिवळी पडते. अतिनील दिव्याखाली किंवा उन्हात काही दिवस ठेवली की पिवळेपणा बराच उतरतो. किरणोत्सार सौम्य असतो, फोटो काढायला हरकत नाही. फक्त ती काच घासणं, फोडणं असले उद्योग करू नयेत.

ॲडॅप्टरची परीक्षा

जाडीत ०.१ मिमीची चूक ऐकायला क्षुल्लक वाटते. पण ॲडॅप्टर तेवढा जाड असेल तर ५० मिमी लेन्स २५ मीटरच्या पुढे फोकसच करू शकत नाही, आणि २८ मिमी लेन्स ८ मीटरच्याही आत अडकते. म्हणून बहुतेक ॲडॅप्टर मुद्दाम किंचित पातळ बनवतात. त्याचा परिणाम असा की रिंग शेवटपर्यंत फिरवली तर फोकस अनंताच्याही पलीकडे जातो. दूरचा डोंगर किंवा तारे टिपताना रिंग टोकाला टेकवून निर्धास्त होणाऱ्यांचे फोटो याच कारणाने बिघडतात. लेन्सवर कोरलेले अंतराचे आकडेही मग थोडे खोटे बोलू लागतात.

तपासणी अशी करा. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून खूप दूरच्या मनोऱ्यावर किंवा इमारतीवर, ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवून, दृश्य मोठं करून फोकस करा. रिंग टोकाला पोचण्याआधी चित्र शार्प झालं तर ॲडॅप्टर पातळ आहे, चालेल. टोकाला जाऊनही शार्प झालं नाही तर परत करा. मग एखाद्या सपाट भिंतीचा अगदी समोरून फोटो काढून चारही कोपरे पाहा. एकच बाजू मऊ येत असेल तर ॲडॅप्टर कलता आहे किंवा लेन्सच्या आतली काच सरकली आहे. लेन्स बदलून पुन्हा काढला की चोर सापडतो.

आतून चमकणारा ॲडॅप्टर हा आणखी एक छुपा शत्रू. उजेडासमोर फोटो फिके पडत असतील तर लेन्सला नावं ठेवण्याआधी नळीच्या आत डोकावून पाहा. धातू चकाकत असेल तर काळा मखमली कागद चिकटवा. एका संध्याकाळचं काम आहे, फरक डोळ्यांना दिसतो.

ॲपर्चरचं कनेक्शनही इथेच तपासा. एफडी लेन्सला ॲडॅप्टरवरची फिरती कडी योग्य जागी नसेल तर ॲपर्चरची रिंग कितीही फिरवा, पाती उघडीच राहतात. एम४२ च्या अनेक लेन्सवर ए/एम असा खटका असतो, तो एमवर हवा. खटका नसेल तर मागची पिन दाबून धरणारा ॲडॅप्टर घ्यावा लागतो.

कॅमेऱ्यात काय बदलायचं

इलेक्ट्रॉनिक संपर्क नसल्याने कॅमेऱ्याला वाटतं की लेन्सच लावलेली नाही. मेनूत लेन्सशिवाय शटर चालू देण्याचा पर्याय असतो, तो सुरू करा. सेन्सर स्थिर ठेवणारी यंत्रणा असेल तर तिला फोकल लांबी हाताने सांगा. ५० ची लेन्स असेल तर ५० च सांगायची, सेन्सरच्या पटीने गुणायची नाही. मागची १३५ मिमी काढून ५० लावली आणि आकडा बदलायला विसरलात, तर यंत्रणा गरजेपेक्षा जास्त दुरुस्ती करून फोटो हलवते. ही चूक मी आजही करतो.

मोड ॲपर्चर प्रायॉरिटी (शटरचा वेग कॅमेरा ठरवतो) किंवा मॅन्युअल. दृश्य मोठं करण्याचं काम एका अशा बटणाला द्या, जे डोळा व्ह्यूफाइंडरवरून न काढता अंगठ्याला सापडेल. आणि सगळ्याआधी डायॉप्टर: व्ह्यूफाइंडरमधली अक्षरं टोकदार दिसेपर्यंत ते छोटं चाक फिरवा. चित्राकडे पाहून नाही, अक्षरांकडे पाहून. बॅगेत घासून हे चाक फिरतं आणि माणूस आठवडाभर लेन्सला शिव्या देत बसतो.

पीकिंगचं काय करावं

पीकिंग म्हणजे कॅमेरा ज्या कडांवर कॉन्ट्रास्ट जास्त दिसतो त्या रंगवून दाखवतो. त्याला फोकस कळत नाही, कॉन्ट्रास्ट कळतो. जुनी फास्ट लेन्स वाइड ओपन, म्हणजे ॲपर्चर पूर्ण उघडं, असताना कडांभोवती मऊ तेज पसरलेलं असतं. त्यामुळे खरा फोकस झालेली पापणी कधी रंगतच नाही, आणि मागची गडद भुवई मात्र लालभडक होते. शिवाय व्ह्यूफाइंडरचं चित्र सेन्सरपेक्षा बरंच कमी बारकाव्याचं असतं. रंगलेला पट्टा म्हणूनच प्रत्यक्ष डेप्थ ऑफ फील्डपेक्षा जाड असतो. सगळा चेहरा रंगला म्हणजे सगळा चेहरा शार्प, हा गैरसमज इथूनच येतो.

वापरायचंच असेल तर तीव्रता सगळ्यांत कमी ठेवा, रंग लाल घ्या आणि फोटो रॉमध्ये (सेन्सरची कच्ची माहिती साठवणाऱ्या फाइलमध्ये) काढत असाल तर पिक्चर प्रोफाइल कृष्णधवल करा. राखाडी चित्रावर लाल कडा पटकन दिसते आणि रॉ फाइलमधला रंग कुठे जात नाही. पीकिंग जवळपास पोचवण्यापुरतं वापरावं आणि शेवटचं पाऊल दृश्य मोठं करून टाकावं.

मी स्वतः पीकिंग बहुतेक वेळा बंदच ठेवतो. चांगल्या व्ह्यूफाइंडरमध्ये बारीक पोत, म्हणजे केस, विणलेलं कापड, पापण्या, फोकसमध्ये येताक्षणी थरथरल्यासारखा चमचमतो. व्ह्यूफाइंडरच्या पिक्सेलना तो पोत पेलत नाही, म्हणून ही चमचम. दोन-तीन दिवसांत डोळा ती ओळखायला शिकतो. मोठं केलेलं असताना आणखी एक खूण मिळते. एफ/१.४ च्या जुन्या लेन्स फोकसच्या पुढच्या भागात कडांना जांभळट छटा देतात आणि मागच्या भागात हिरवट. डोळ्यातल्या उजेडाच्या ठिपक्याकडे पाहत रिंग हळू फिरवा. जांभळा रंग जाऊन हिरवा यायच्या आधी एक क्षण असा येतो की ठिपक्याला रंगच नसतो. तोच फोकस. लेन्सचा दोष असा कामाला लावण्यात वेगळी मजा आहे.

मोठं किती करायचं? हातात कॅमेरा असताना पाच पटीच्या आसपास पुरे. दहा पटीला चित्र इतकं नाचतं की फोकसपेक्षा डोळा शोधण्यातच वेळ जातो. दहा पट ट्रायपॉडसाठी.

हात, कोपर, श्वास

डाव्या हाताचा तळवा कॅमेऱ्याखाली, अंगठा आणि मधलं बोट रिंगवर. वरून पकडू नका, वरून पकडलं की कोपर हवेत जातं. दोन्ही कोपरं बरगड्यांना टेकलेली, भुवई व्ह्यूफाइंडरला टेकलेली.

रिंग एकदा फोकसच्या पलीकडे न्या, मग परत आणा. पुन्हा पलीकडे, पण आता कमी. प्रत्येक फेरा आधीच्यापेक्षा लहान. तिसऱ्या फेऱ्याला थांबा. याहून जास्त वेळा फिरवणाऱ्याचा डोळा थकतो आणि त्याला सगळंच सारखं दिसू लागतं.

आता खरी गोम. उभा माणूस कधीच स्थिर नसतो. फोटो काढणाराही डुलतो, समोरचाही. दीड सेंटीमीटर जागेत दोघांचं डुलणं मावत नाही. त्यामुळे रिंगने अचूक फोकस केला, मग दृश्य पुन्हा लहान केलं, मग चौकट ठरवली, मग बटण दाबलं, तर त्या दोन-तीन सेकंदांत फोकस निघून गेलेला असतो. माझ्या छत्तीसपैकी बहुतेक फोटोंचं हेच झालं होतं.

उपाय असा: चौकट आधी ठरवा. मोठं करण्याचा चौकोन डोळ्यावर नेऊन ठेवा. रिंगने जवळपास आणा आणि मग रिंगवरचं बोट थांबवा. पुढचा बारीक फोकस स्वतः किंचित पुढे-मागे झुकून करा. पापणी चमचमली की त्याच क्षणी, दृश्य मोठंच असताना, बटण दाबा. झुकत असतानाच तीन-चार फोटो सलग काढले तर फोकसच्या पुढचा, नेमका आणि मागचा असे आपोआप मिळतात. भिंतीला पाठ टेकवली किंवा खुर्चीत बसलात तर यश एकदम वाढतं. समोरच्यालाही बसवा.

मध्यभागी फोकस करून मग कॅमेरा वळवण्याची सवय असेल तर ती किती महाग पडते पाहा. १ मीटरवर फोकस करून कॅमेरा १५ अंश वळवला, म्हणजे ५० मिमीला डोळा चौकटीच्या कडेजवळ नेला, की फोकसचं प्रतल डोळ्याच्या ३४ मिमी मागे जातं. कान शार्प येण्याचं हे एक कारण. एक तृतीयांश रेषेपर्यंतच वळवलं तर चूक ७ मिमीची, ती एक वेळ खपते. ३५ मिमी लेन्सवर त्याच रेषेसाठी ती १४ मिमी होते. चौकोन हलवणं शिकून घ्यावं.

फोकस करताना ॲपर्चर उघडं की बंद?

जुन्या फास्ट लेन्समध्ये काचेच्या कडेतून येणारे किरण आणि मधून येणारे किरण एकाच जागी मिळत नाहीत. ॲपर्चर बंद करत गेलं की कडेचे किरण कापले जातात आणि फोकसची जागा सरकते. काचांच्या सोनार रचनेची ५० मिमी एफ/१.५ लेन्स यासाठी प्रसिद्ध आहे. एफ/१.४ ला उघडून फोकस केला आणि एफ/२.८ ला फोटो काढला, तर डोळ्याऐवजी त्याच्या मागचा भाग शार्प येऊ शकतो. म्हणून एफ/२.८ पर्यंत ज्या आकड्यावर फोटो काढायचा त्याच आकड्यावर फोकस करा. एफ/५.६ च्या पुढे डेप्थ ऑफ फील्ड ही चूक झाकून घेते. तिथे उघडून फोकस करा आणि मग बंद करा, कारण बंद ॲपर्चरवर सगळंच शार्प भासतं आणि नेमकी जागा कळत नाही. हेलिओस ४४-२ सारख्या प्रीसेट रिंगच्या (ॲपर्चरचा आकडा आधीच ठरवून ठेवायच्या) लेन्सवर ही उघड-झाप डोळा न हलवता बोटाने करता येते. आज नवीन लेन्सवर अशी सोय क्वचितच सापडते.

आणि एफ/१.४ हट्टाने वापरायलाच हवं असं नाही. बऱ्याच जुन्या लेन्स एफ/२ ला धुकं झटकून टाकतात आणि मागची पार्श्वभूमी तेवढीच विरघळलेली राहते.

उन्हात

भर उन्हात आयएसओ १०० ला एफ/१६ आणि १/१०० सेकंद हा जुना हिशेब. एफ/१.४ सात स्टॉपने मोठं (प्रत्येक स्टॉपला उजेड दुप्पट), म्हणजे शटर १/१२,८०० लागेल. बऱ्याच कॅमेऱ्यांचं मेकॅनिकल शटर १/८००० ला किंवा १/४००० लाच थांबतं. तीन स्टॉपचा एनडी, म्हणजे उजेड कमी करणारा, फिल्टर लावला की १/१६०० वर काम होतं. इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन (शटरच्या पहिल्या पडद्याचं काम सेन्सरच करतो तो मोड) चालू ठेवून फार वेगवान शटर वापरलं तर पार्श्वभूमीतले उजेडाचे गोळे अर्धवट कापलेले येतात किंवा फोटोच्या एका बाजूला उजेड कमी पडतो. अशा वेळी पूर्ण मेकॅनिकल शटरवर जा.

डीएसएलआरच्या ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरबद्दल एकच सांगतो: ऑटोफोकस जमान्यातली फोकसिंग स्क्रीन साधारण एफ/२.८ इतकीच डेप्थ ऑफ फील्ड दाखवते. लेन्स एफ/१.४ ची असली तरी डोळ्याला एफ/२.८ दिसतं. तिथे लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवरचं दृश्य) लावून दृश्य मोठं करण्याला पर्याय नाही.

चालता माणूस

चालणाऱ्याच्या मागे रिंग फिरवत जाणं जमायला वर्षं लागतात. त्याऐवजी सापळा लावा. जमिनीवरची एखादी खूण, फरशीची रेघ किंवा पडलेलं पान, ३ मीटरवर निवडून तिच्यावर फोकस करा आणि रिंगला हात लावू नका. माणूस त्या रेषेजवळ आला की सलग फोटो सुरू करा. ५० मिमीला ३ मीटरवर एफ/१.४ ची डेप्थ ऑफ फील्ड ३० सेंटीमीटर, आणि सहज चालणारा माणूस ती पाव सेकंदात ओलांडतो. सेकंदाला १० फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याला दोनच फोटो मिळतील. एफ/२.८ ला ही पट्टी ६० सेंटीमीटर होते आणि चार मिळतात. फोकस पावलावर धरला असेल तर लक्षात ठेवा, चालताना डोकं पावलाच्या थोडं मागे-पुढे असतं आणि कॅमेरा खाली झुकवून केलेला फोकस चेहऱ्यासाठी वर उचलला की अंतर बदलतं. म्हणून शक्य असेल तर खूण चेहऱ्याच्या उंचीची निवडा, दिव्याचा खांब सगळ्यांत उत्तम. आणि बटण तो खांबापाशी पोचल्यावर नाही, अर्धं पाऊल आधी दाबा.